काठावरच्या खुणा

रिकामी चौकट म्हणजे शून्य, हा नियम सुनीतीचा. डॉक्टरांचा नव्हे, आणि ज्यांनी तो फॉर्म बनवला त्यांचा तर मुळीच नव्हे. तिनं तो स्वतःच्या डोक्यानं काढला होता आणि काढल्या दिवशी स्वतःवर बेहद्द खूशही झाली होती. पुढं काय वाढून ठेवलंय हे कळत असतं तर माणूस कशावरच खूश झाला नसता, ते सोडा.

भिवंडीत कामतघरला रस्त्यालगत खाली औषधांचं दुकान आणि वर डॉक्टर आल्हाद यांचा हृदयरोगाचा दवाखाना. सुनीती तिथं सात वर्षं कामाला होती. नंबर देणं, रिपोर्ट टाईप करणं, चिडलेल्या नातेवाइकांना शांत करणं आणि गेल्या वर्षभरापासून ‘मनाचा फॉर्म’ कॉम्प्युटरवर चढवणं. हे नाव दवाखान्यातल्या तरुण नर्सनं, मदीहानं, ठेवलेलं. फॉर्मचं खरं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही.

डॉक्टर आल्हाद यांचं म्हणणं साधं होतं. स्टेंट बसली की घरच्यांना वाटतं, काम झालं. पण हार्ट अटॅकमधून उठलेला माणूस पुष्कळदा आतून खचतो. खचला की गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, कुणाशी धड बोलत नाही. मग एक दिवस तोच माणूस पुन्हा स्ट्रेचरवरून येतो, किंवा येतच नाही. हे काही ईसीजीत उमटत नाही. “म्हणून विचारायचं,” ते म्हणत, “आणि सगळ्यांना सारखंच विचारायचं.”

तर दर महिन्याला पेशंटच्या हातात एक कागद यायचा. त्यावर नऊ वाक्यं. झोप लागत नाही, खावंसं वाटत नाही, कशातच जीव रमत नाही, अशी. प्रत्येक वाक्यापुढं चार चौकटी: कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. त्यांचे गुण शून्य, एक, दोन, तीन. बेरीज दहाच्या वर गेली की डॉक्टर स्वतः फोन करायचे. नववं वाक्य मात्र बेरजेत अडकलेलं नव्हतं. ‘आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं.’ इथं पहिल्या चौकटीखेरीज कुठंही खूण दिसली, की त्याच दिवशी त्या माणसाला गाठायचं, असा दंडक होता. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘गेल्या दोन आठवड्यांत ज्या गोष्टीचा त्रास झाला, तिथे खूण करा.’

कागदावर नाव नसायचं, नुसता क्रमांक. क्रमांकांची यादी डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. हे बरंच होतं, कारण भिवंडीत अमक्याचं मन लागत नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत पार टेमघरच्या नाक्यावर पोचते. पेशंट पडद्यामागच्या बाकावर एकटा बसून फॉर्म भरायचा आणि पेटीत टाकायचा. मदीहा ते कागद स्कॅन करायची, सुनीती स्क्रीनवर बघून आकडे टाकायची. फाईल जड होऊ नये म्हणून स्कॅनर फक्त वाक्यं आणि चौकटी धरायचा, कडा कापून टाकायचा.

आता इथल्या पुरुषाला तुम्ही विचारा, कशाचा त्रास होतो? तो म्हणणार, लाईटचा. मनाचा त्रास हा प्रकार त्याच्या गावीच नसतो. कुणी सगळीकडे ‘कधीच नाही’वर रेघ ओढायचे, कुणी बायकोला आत बोलावून “तूच भर” म्हणायचे, आणि निम्मे तर कागद कोराच टाकून निघून जायचे. कोरा कागद आला तर पेशंटला पुन्हा बसवून, शेजारी बसून विचारायचं, अशी डॉक्टरांची सूचना होती. सुनीतीनं ती महिनाभर इमानेइतबारे पाळली. लोक वैतागायचे. “एकदा दिला ना भरून?” म्हणायचे. शिफ्ट चुकते, रिक्षा उभी आहे, अशी शंभर कारणं. शेवटी तिनं हात टेकले. ज्याला त्रास आहे त्यानं खूण करायची ना? मग ज्यानं केली नाही त्याला त्रास नाही. रिकामी चौकट म्हणजे शून्य. पुढच्या महिन्याच्या अहवालात अपूर्ण फॉर्म एकही नव्हता. डॉक्टरांनी “कसं जमवलंस?” म्हणून कौतुकानं विचारलं, तर ती नुसती हसली.

मग दिवाळीनंतर तिचे वडील त्याच दवाखान्याचे पेशंट झाले.

त्यांना पोरांपासून शेटपर्यंत सगळे भाऊच म्हणत. एकेचाळीस वर्षं त्यांनी नूर मोहम्मद शेटच्या गोदामात कापड तपासलं. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर सरकवत न्यायचा आणि खोट शोधायची, हे काम. कानावर पेन्सिल आणि खिशात एक छोटं पितळी भिंग, हा त्यांचा वेष. सुनीती गोदामात कधी गेली नव्हती. मुलींना तिकडं कोण नेणार? तिला माहीत होती ती फक्त घरी आल्यावर शर्टाच्या खिशातून निघणारी पेन्सिल, जिनं ती शाळेचा अभ्यास करायची.

आई दोन वर्षांपूर्वी गेली, दिवाळीत भाऊंना अटॅक आला, स्टेंट बसली, आणि सुनीती त्यांना टेमघरला आपल्या घरी घेऊन आली. जखम भरली, चालणं सुरू झालं, पण माणूस गप्प झाला. पूर्वीही काही फार बोलके नव्हते, पण आता ताटात वाढलेलं जेवायचे, लावून दिलेला टीव्ही बघायचे, आणि कुणी बंद केला तरी तिकडंच बघत बसायचे.

“भाऊ, बरं वाटतंय ना?”

“हा.”

“काही दुखतंय?”

“न्हाय.”

एवढ्यावर संभाषण संपायचं. सुनीतीला भीती वाटायची. आईच्या वेळी आपल्याला काहीच कळलं नव्हतं, आता भाऊंच्या वेळीही कळणार नाही, अशी ती भीती होती. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या मनाचे आकडे भरणारी बाई घरी आल्यावर बापाच्या तोंडाकडं बघत बसायची. वडिलांचा फॉर्म कुठला ते तिनं विचारायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. पण तिसऱ्या महिन्यानंतर त्यांनाच तिची दया आली. “सांगू नये खरं,” ते जिन्यात थांबून म्हणाले, “पण तुझा चेहरा बघवत नाही. तिन्ही महिने शून्य आहे. तुझे वडील ठणठणीत आहेत.”

त्या दिवशी सुनीती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि घरी जाताना पेढे घेऊन गेली. नवऱ्याला, भूपेशला, म्हणाली, “उगीच घाबरत होते मी.” गोळ्या ती स्वतः हातावर ठेवायची, ते बंद केलं आणि डबी भाऊंकडेच दिली. आणि महिनाभरानं भाऊ म्हणाले की मला कोन गावात राहू दे, तिथली आपली खोली बंदच असते, तेव्हा तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत. शून्यवाल्या माणसाला कशाला अडवायचं? रविवारी भूपेशनं त्यांना एका पिशवीसकट स्कूटरवरून कोनला सोडलं.

मंगळवारी सकाळी दवाखान्यातला स्कॅनर बंद पडला.

“ताई, मशिन मेली,” मदीहा म्हणाली आणि शनिवारच्या पेटीतले कागद तसेच सुनीतीच्या टेबलावर ठेवून आत इंजेक्शन द्यायला गेली. सुनीतीनं एकेक कागद घेऊन आकडे टाकायला सुरुवात केली. तिसराच कागद एकतीस क्रमांकाचा. चौकटी साऱ्या कोऱ्या. तिची बोटं सवयीनं चालली: शून्य, शून्य, शून्य, नऊ वेळा. सेव्ह. मग कागद बाजूला ठेवताना तिला दिसलं की डाव्या काठावर, अगदी कडेला, पेन्सिलनं काहीतरी गिरबटलंय. बारीक तिरक्या रेघा. प्रत्येक वाक्याच्या समोर रेघा.

“मदीहा, हे कोणी रंगवलंय गं?” तिनं आत हाक मारली आणि कागद खिडकीकडं उचलून धरला. “उद्या स्कॅन करायचाय हा. खोडरबर आण जरा.”

एका पेशंटनं दुसऱ्या पेशंटचा कागद बघायचा नसतो, हे तिला माहीत होतं. पण नाव नसलेल्या कागदावरच्या रेघोट्या लपवाव्यात असं कुणाच्या मनात येईल? समोरच्या खुर्चीवर नूर मोहम्मद शेट आपल्या तपासणीची वाट बघत बसले होते. वय चौऱ्याहत्तर, दोन बायपास, आणि डोळे अजून गोदामाच्या मालकाचे. ते पुढं वाकले.

“मिटवू नको, पोरी,” ते म्हणाले.

“काय झालं, चाचा?”

“ते रंगवलेलं न्हाय. फॉल्टचे निशान हायेत.”

सुनीती हसली. तिला वाटलं, शेटना जिथं तिथं कापड दिसतं. शेट मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला नाही, बोट नुसतं वरून फिरवलं.

“चेकर काय करतो? कपडा सरकवतो. धागा तुटला, डाग पडला, भोक पडलं, की निशान लावतो. पण कपड्यावर कधी न्हाय लावायचं. कपडा पार्टीला, गिऱ्हाइकाला, जायचा असतो. निशान काठावर लावायचं, पेन्सिलनं, हलकं. एक रेघ म्हणजे खोट हाय पण चालेल. दोन रेघा म्हणजे रफूगरकडे पाठवा. तीन रेघा म्हणजे आजच्या आज पाठवा.”

सुनीतीनं कागदाकडं पाहिलं. झोपेच्या वाक्यासमोर तीन रेघा होत्या. खाण्याच्या समोर तीन. कशातच जीव रमत नाही, तीन. तिचं हसू अजून तोंडावरच होतं, ते उतरवायचं तिला सुचलं नाही.

“आणि ही फुली?” तिनं विचारलं. नवव्या वाक्यासमोर रेघा नव्हत्या, एक फुली होती.

शेटनी बोट मागं घेतलं. “फुली म्हणजे दुरुस्त होत न्हाय,” ते म्हणाले. “इथून कापा.”

दवाखान्यात एरवी चालतो तसाच गलका चालू होता. कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता, खाली टेम्पो हॉर्न वाजवत होता. सुनीतीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

“ही शेपटी बघितलीस?” शेटचा आवाज खाली गेला होता. “रेघ संपली की वर झटका. एकेचाळीस साल मी ही शेपटी बघितली. दुसऱ्या कुणाची न्हाय ही. हे भाऊचं काम हाय.”

“कोण भाऊ?” सुनीतीनं विचारलं. अशा वेळी माणूस असंच काहीतरी विचारतो.

शेटनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक छोटं पितळी भिंग काढून टेबलावर ठेवलं. “रविवारी भूपेशच्या स्कूटरवरून आला होता. दोन मिनिटं थांबला. बोलला, शेट, हे तुमच्याकडे राहू दे, आता मला लागायचं न्हाय. मी बोललो, अरे बस, चाय पी. न्हाय बसला.”

ते भिंग सुनीतीनं जन्मापासून पाहिलेलं होतं. त्याच्या एका कोपऱ्याला पडलेला पोचा तिच्याच हातून पडलेला, तिसरीत असताना. तिच्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणायची पद्धत आहे. तिची काही सरकली नाही. ती उठली, खुर्ची नीट आत ढकलली, पेनाला टोपण लावलं, आणि शेटना “थँक्यू, चाचा” म्हणून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. आत पेशंट होता. तिनं दारावर टकटकही केली नाही.

“एकतीस नंबर कोण आहे?”

“सुनीती, मी पेशंट बघतोय.”

“एकतीस नंबर कोण आहे, डॉक्टर?”

तिचा चेहरा पाहून डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला. यादीवरून बोट खाली नेलं. बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि तिला काही न सांगता पेशंटला जरा बाहेर बसायला सांगितलं, त्यावरून तिला कळलं.

कपाटात आधीच्या महिन्यांचे मूळ कागद होते. सुनीतीनं फाईल उघडली. एकतीस क्रमांकाचे तीन कागद निघाले. तिन्हींच्या चौकटी कोऱ्या, तिन्हींच्या काठावर रेघा. पहिल्या महिन्यात फक्त दोन वाक्यांसमोर, एकेक रेघ. दुसऱ्या महिन्यात पाच वाक्यांसमोर, दोन-दोन. तिसऱ्या महिन्यात सगळीकडे. त्या महिन्यात नवव्या वाक्यासमोरही दोन रेघा होत्या, आणि दोन रेघांचा अर्थ तिला आता माहीत होता. रफूगरकडे पाठवा. तो कागद कॉम्प्युटरवर तिनंच चढवला होता. त्या कागदाच्या आनंदात तिनं पेढे वाटले होते.

“पण चौकटीत काहीच नाही,” डॉक्टर म्हणाले. तेही हबकले होते. कागद उलटसुलट करत होते. “कोऱ्या फॉर्मला आपण शून्य कसं दिलं? कोरा आला तर पुन्हा विचारायचं ना? मग हा शून्य आला कुठून?”

“मी दिला,” सुनीती म्हणाली. “सगळ्याच कोऱ्यांना देते. वर्षभर.”

“सगळ्याच?”

तिनं मान हलवली. डॉक्टर आल्हाद कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. ते खाली बसले आणि पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, “मदीहाला बोलाव. कोरे कागद काढायला सांग, एकूण एक. आजच सगळ्यांना फोन जायला हवेत. आणि तू आधी त्यांना फोन लाव.”

फोनची रिंग गेली. संपली. पुन्हा गेली. भाऊ फोन उचलायचे नाहीत असं नव्हे, पण चार रिंगांच्या आत उचलायचे, ही त्यांची सवय. तिसऱ्यांदा रिंग संपली तेव्हा सुनीतीनं एकतीस क्रमांकाचे चारही कागद गोळा केले.

“माझी गाडी खाली हाय,” दारातून नूर मोहम्मद शेट म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक.

“शेट, तुमचं बीपी बघायचंय अजून. तुम्ही कुठं निघालात?” डॉक्टर म्हणाले.

“माझं बीपी तिथं पोचून बघ,” शेट म्हणाले आणि जिन्याकडं वळलेसुद्धा.

डॉक्टरांनी सुनीतीला दारात थांबवलं. “मी मागोमाग येतोय. तोपर्यंत त्यांना एकटं सोडू नको. रागावू नको, समजूत घालू नको. विचार. नवव्या वाक्याचंही सरळ विचार. विचारल्यानं काही होत नाही. न विचारल्यानं होतं.”

कोन काही लांब नाही. पण कल्याण रस्त्याला लागलात की अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, कंटेनरमध्ये मोजावं लागतं. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मध्ये खणून ठेवलेला रस्ता. शेट ड्रायव्हरशेजारी बसून तसबीहची माळ फिरवत होते. मागच्या सीटवर सुनीतीच्या मांडीवर ते चार कागद होते आणि ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

तिच्या डोळ्यांसमोर पडद्यामागचा तो बाक येत होता. भाऊ तिथं बसले असतील. चष्मा पुसला असेल. वरची ठळक ओळ वाचली असेल: त्रास झाला तिथे खूण करा. आयुष्यभर ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्या माणसाला कुणीतरी शेवटी त्याच्या कामाचं काही विचारलं होतं. मग त्यांनी नीट, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट सरकवत स्वतःला तपासलं असेल. आणि कागद खराब होऊ नये म्हणून खूण काठावर केली असेल. आणि इकडं तिच्याच मशिननं तो काठ कापून टाकला होता. तिला स्वतःची चीड आली.

“चाचा,” तिनं विचारलं, “फुली मारली आणि कापड नाही कापलं, असं कधी व्हायचं?”

शेट मागं वळले नाहीत. “व्हायचं,” ते म्हणाले. “रफूगर चांगला असला तर व्हायचं.”

खोली तळमजल्यावर होती, रस्त्यापासून आत, दोन इमारतींच्या मागं. दार नुसतं लोटलेलं होतं. सुनीतीनं ते ढकललं आणि आत पाय टाकायच्या आधी तिला क्षणभर वाटलं की परत फिरावं, काही न बघता परत फिरावं आणि सगळं जसं होतं तसं राहू द्यावं. मग ती आत गेली.

भाऊ खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वळवली.

“आज सुट्टी हाय का?” त्यांनी विचारलं.

तिनं दाराची चौकट धरली. फोन कॉटवर पडलेला होता, त्यावर तिचेच सतरा कॉल. पिशवी रविवारी ठेवली तशीच, गाठसुद्धा सोडलेली नाही. टेबलावर गोळ्यांची पाकिटं एकावर एक नीट रचून ठेवलेली, कडेला कडा जुळवून. वरून एकही गोळी काढलेली नव्हती. नुसती दोन दिवसांची नव्हे, पुरत्या महिन्याची पाकिटं होती. डबी त्यांच्या हातात दिल्यापासूनची.

“फोन का नाही उचललात, भाऊ?”

“वाजत होता,” भाऊ म्हणाले. जणू शेजारच्या घरातला फोन.

मागून शेट आले, कॉटवर बसले, धापा टाकत राहिले. त्यांना पाहून भाऊ सवयीनं उठायला लागले. “बस रे,” शेट म्हणाले. “चेकर बसलेला असेल तर मालकानं उठवायचं न्हाय, हा माझ्या गोदामाचा कायदा होता. विसरलास?”

सुनीतीनं ते चार कागद भाऊंच्या मांडीवर ठेवले. भाऊंनी ते पाहिले, वरच्या कागदावरून हात फिरवला, आणि त्यांच्या तोंडावर किती महिन्यांनी काहीतरी हललं. ते आश्चर्य होतं.

“पोचले व्हय?” ते म्हणाले. “मला वाटलं, पोचलेच न्हाईत.”

“पोचले होते, भाऊ.”

“चार वेळा निशान लावलं. दर वेळी वाट बघितली. निशान लावलं की रफूगर येतो. धा मिनिटांत येतो, न्हायतर दुसऱ्या दिवशी येतो, पण येतो.” ते हे सगळं तक्रार म्हणून बोलत नव्हते, गोदामातली एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं सांगत होते. “कुणी आलं न्हाय. उलट तू पेढे आणलेस. मग मी समजलो, माल पास केला. वरच्यांनी बघितलं आसंल, त्यांना चालतंय. मग आपण कशाला बोला?”

पेढे. त्या पेढ्यांतला एक तिनं स्वतःच्या हातानं त्यांना भरवला होता. भाऊंनी तो खाल्ला होता, आणि “गोड हाय” म्हणाले होते.

“भाऊ, कुणी बघितलंच नव्हतं,” सुनीती म्हणाली. “मशिन काठ कापते. आणि चौकट रिकामी असली की मी शून्य टाकते. तुमचे शून्य मी टाकले. मी टाकले, भाऊ, दुसऱ्या कुणी नाही.”

तिला वाटलं होतं हे बोलल्यावर रडू फुटेल. फुटलं नाही. ती भाऊंच्या समोर जमिनीवर बसली आणि ते काय म्हणतात याची वाट बघू लागली. भाऊंनी कागदाच्या काठावरून बोट फिरवलं. ते कधी, एकेचाळीस वर्षांत, कुणा हाताखालच्याला टाकून बोलले नव्हते.

“हात फिरवायचा असतो,” ते अखेर म्हणाले. “नजर थकते. हात फिरवला की कळतं.”

तेवढ्यात सुनीतीच्या हातातला फोन वाजला. डॉक्टर आल्हाद होते. कंटेनरांच्या गर्दीत कुठंतरी अडकलेले. “कसे आहेत?” त्यांनी विचारलं. वर्षभर या प्रश्नाला सुनीतीनं आकड्यात उत्तर दिलं होतं. आता तिच्याजवळ आकडा नव्हता.

“अजून विचारलं नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “आता विचारते.”

तिनं फोन खाली ठेवला. कागदाकडं पाहिलं नाही. पुढं सरकून भाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला. हात थंड होता, आणि अंगठ्याजवळचा पेन्सिलीचा घट्टा अजून तिथंच होता.

“भाऊ, झोप लागते का?”

कॉटवर शेटची तसबीह थांबली. सुनीतीनं दुसरा प्रश्न विचारला नाही, उत्तर सुचवलं नाही, हातही सोडला नाही. बाहेर कुणीतरी नळावर भांडी घासत होतं, ते घासून झालं, भांडी उचलून नेली, तरी ती वाट बघत राहिली.

“न्हाय,” भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या बोटांनी तिचा हात धरला. “दिवाळीपासून न्हाय लागत.”